केनेडी कुठले? कुलवृत्तांतातल्या एका नोंदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका कोकणस्थ घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती, तेव्हाची ही गोष्ट. मी त्या समितीवर नोंदी तपासायला होतो. घराण्यातली एक मुलगी ग्लासगोत नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं. त्याचं आडनाव केनेडी. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, गावं आणि नेमकी वर्षं इथं गाळली आहेत. आडनाव मात्र खरं आहे. ते आयर्लंड-स्कॉटलंडात इतकं सर्रास आहे की त्यावरून कुणाचा माग लागणार नाही, आणि ते बदललं तर सांगण्यासारखं काही उरतही नाही.

आमच्या छापील तक्त्यात कन्येच्या नावापुढे पती, सासरे, मूळ गाव, व्यवसाय आणि ‘सासरच्या घराण्याविषयी दोन ओळी’ असे रकाने असतात. मुलीनं भरून पाठवलं: मूळ आयर्लंड, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या घराण्यापैकी. खात्रीसाठी तोच तक्ता तिच्या सासऱ्यांना पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं: स्कॉटलंड, आयर परगणा, कलेन किल्ल्याचे केनेडी. सोबत एका चौकटीचा फोटो होता. पट्ट्याच्या वर्तुळात डॉल्फिन मासा आणि भोवती फ्रेंच ब्रीदवाक्य. ही चौकट त्यांनी एडिंबरात पर्यटकांच्या दुकानातून घेतली होती.

त्यात आमच्या समितीतले एक ज्येष्ठ सदस्य उत्साहानं म्हणाले, “अहो, मराठीचा कोश करणारा व्हॅन्स केनेडी याच घराण्यातला असणार. तेवढं घालाच!”

अडचण

एका जावयाला तीन वंश मिळाले होते, आणि तिन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं. दोन ओळींसाठी इतका खल कशाला, असं काहींना वाटलं. पण कुलवृत्तांतात एकदा छापलेली ओळ पुढच्या आवृत्तीत पुरावा म्हणून उतरते, हे आम्ही आमच्याच घराण्याच्या बाबतीत अनुभवलं होतं. जुन्या आवृत्तीतल्या एका ऐकीव वाक्यावरून एका शाखेनं पेशव्यांच्या दरबारातला मूळपुरुष लावून घेतला होता. तो काढताना काय झालं, ते इथं नको.

आडनावाकडे पाहताना

केनेडी हे एका घराण्याचं आडनाव नाही, आणि या प्रकरणातला निम्मा गोंधळ ते माहीत नसल्यामुळे झाला होता.

आयर्लंडचे केनेडी म्हणजे ओ किनेडे. क्लॉन्टार्फच्या लढाईत १०१४ साली मारला गेलेला राजा ब्रायन बोरू मराठी वाचकाला निदान नावानं ठाऊक असेल. त्याच्या बापाचं नाव केनेटिग. ब्रायनच्या थोरल्या भावाच्या मुलाचं नावही तेच, आणि त्या पुतण्याचे वंशज ते ओ किनेडे. ‘केन’ म्हणजे डोकं. पुढच्या भागाचा अर्थ कुणी ‘कुरूप’ लावतात, तर कुणी ‘शिरस्त्राण’. घराण्याच्या ढालीवर तीन शिरस्त्राणं आहेत, म्हणजे त्यांनी स्वतः कोणता अर्थ पसंत केला ते उघड आहे. मूळचे हे पूर्व क्लेअरमधले, आणि तिथं किलोकेनेडी नावाची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आजही आहे. बाराव्या शतकात ओब्रायन आणि मॅकनमारा यांच्या रेट्यानं ते शॅनन नदी ओलांडून उत्तर टिपररीत, ऑर्मंड मुलुखात आले. तिथं त्यांच्या तपकिरी, गोरे आणि तांबडे अशा तीन शाखा झाल्या.

राष्ट्राध्यक्षांचे केनेडी वेक्सफर्ड परगण्यातले. न्यू रॉसजवळच्या डनगन्सटाउनचा पॅट्रिक केनेडी दुष्काळाच्या काळात, १८४०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनला गेला आणि १८५८ मध्ये पटकीनं वारला. जॉन केनेडी हे त्याचे पणतू. जून १९६३ मध्ये ते त्या वाडीवर जाऊन आले, आणि त्याच नोव्हेंबरात त्यांची हत्या झाली.

स्कॉटलंडचे केनेडी नैऋत्येकडच्या कॅरिक भागातले, म्हणजे आयर परगण्याच्या दक्षिणेकडचे. नाव गेलिकच आणि उच्चारही जवळचा, पण घराणं वेगळं. समुद्रकाठच्या डनूर गढीचा जॉन केनेडी चौदाव्या शतकात या कुळाचा प्रमुख झाला. त्याच्या वंशातला जेम्स केनेडी राजा तिसऱ्या रॉबर्टचा मुलीकडून नातू. तो सेंट अँड्र्यूजचा बिशप झाला आणि १४५० मध्ये त्यानं तिथं सेंट सॅल्व्हेटर कॉलेज काढलं. १५०९ मध्ये घराण्याला कॅसिलिसची अर्लपदवी मिळाली. चौथ्या अर्लनं १५७० मध्ये क्रॉसरॅग्वेल मठाच्या जमिनी बळकावण्यासाठी तिथल्या कारभाऱ्याला डनूरच्या तळघरात विस्तवावर भाजून कागदांवर सही घेतली. केनेडींची मर्जी राखल्याशिवाय विग्टाउन ते आयर या पट्ट्यात कुणी राहू नये, अशा अर्थाचं जुनं कवन तिकडे उगाच नाही. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो कलेन किल्ला अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट अ‍ॅडमनं बांधला, आणि १९४५ मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे गेला.

या दोघांखेरीज उत्तरेत लॉखाबरमध्ये कॅमेरन कुळाच्या आसऱ्यानं राहिलेले केनेडी आहेत. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे १९९९ ते २००६ या काळातले नेते चार्ल्स केनेडी त्या भागातले, आणि कॅथलिक. ‘कॅथलिक केनेडी म्हणजे आयरिश’ या अनुमानाला हा एक अपवाद पुरेसा आहे.

राहिले अल्स्टरचे, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतातले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आयर परगण्यातली हजारो माणसं उत्तर आयर्लंडात जाऊन वसली. स्कॉटलंडातलं किंटायरचं टोक आणि आयर्लंडातला अँट्रिमचा किनारा यांत जेमतेम २० किलोमीटरचं पाणी आहे. हे लोक आयर्लंडात जन्मले, वाढले, मेले. चर्च मात्र प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडातल्या प्रोटेस्टंट पंथाचं, आणि बोली स्कॉट्स वळणाची. १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी आयर्लंडातल्या आडनावांची क्रमवारी लावली, त्यात केनेडी सोळावं येतं. त्यातले किती ओ किनेडे आणि किती कॅरिकचे, हे त्या क्रमांकात दिसत नाही.

समोरचे पर्याय

समितीपुढे सरळ दोन सोयीचे मार्ग होते. घरचे सांगतात ते ‘असा समज आहे’ अशी शेपटी लावून छापायचं, किंवा फक्त ‘ग्लासगो’ लिहून मोकळं व्हायचं. पहिल्याला माझा विरोध होता, कारण असली शेपटी पुढच्या आवृत्तीत हमखास गळते. दुसरा प्रामाणिक होता. वेळ नसता तर तोच घेतला असता.

तिसरा मार्ग मुलीनं आधीच धरला होता. राष्ट्राध्यक्षांचा वंशवृक्ष घ्यायचा आणि कुठं फांदी जुळते का ते पाहायचं. त्यासाठी एका परदेशी संकेतस्थळाची वर्गणीही तिनं भरली होती. असं खाली उतरत येण्यात धोका असतो. प्रसिद्ध माणसापासून निघालं की वाटेत भेटणारा प्रत्येक जेम्स आणि प्रत्येक पॅट्रिक आपलाच वाटू लागतो.

चौथा मार्ग जावयापासून सुरू करून एकेक पिढी मागं जाण्याचा. स्कॉटलंडात १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद आहे, आणि ती फार तपशीलवार आहे. मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा आईवडील दोघांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट, असतात. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर जुन्या दाखल्याची प्रतिमा दीड पौंडात मिळते.

पाचवा वाय-डीएनए चाचणीचा. हा बापाकडून मुलाकडेच जातो, म्हणजे साधारण आडनावाच्या वाटेनं. तो लगेच करावा, असं जावयाचं मत होतं. सासरे मात्र कचरले, आणि त्यांची शंका रास्त होती. मध्ये कुठं दत्तक मूल असेल, आईचं आडनाव लावलेलं मूल असेल, तर ते ऐंशीच्या घरातल्या आत्याबाईंना सांगणार कोण?

ठरलं असं की चौथा मार्ग आधी. डीएनए नंतर, आणि तोही सासऱ्यांच्या थोरल्या भावानं आपणहून तयारी दाखवली तरच.

काय केलं

पहिल्या दोन पिढ्या घरच्या कागदांतून मिळाल्या. अलीकडचे दाखले संकेतस्थळावर दिसत नाहीत. जन्माला १००, विवाहाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षं उलटावी लागतात. त्यामुळे आत्याबाईंच्या कपाटातली पाकिटं उपयोगी पडली. सासऱ्यांचे आजोबा ग्लासगोतल्या गोव्हनच्या जहाजकारखान्यात रिव्हेट ठोकणाऱ्यांच्या टोळीत होते. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी त्यांचं लग्न रोमन कॅथलिक विधीनं झालं. बायको आयर्लंडातल्या डोनेगल परगण्याची. इथवर सगळं ‘आयरिश कॅथलिक’ या घरच्या समजुतीला धरून होतं.

मग या आजोबांच्या जन्माचा दाखला काढला. १८६१ पासूनच्या स्कॉटिश जन्मदाखल्यावर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाणही लिहिलेलं असतं. ते साल पाहून त्या लग्नाचा दाखला काढला. तोही ग्लासगोतला, पण त्यावर विधी चर्च ऑफ स्कॉटलंडचा, म्हणजे प्रोटेस्टंट. नवरदेवाचा जन्म आयर्लंडात. त्याच्या धाकट्या भावाचा जन्म मात्र ग्लासगोत झाला होता, म्हणून त्या भावाचा जन्मदाखला मागवला. आईवडिलांच्या लग्नाच्या रकान्यात अँट्रिम परगण्यातल्या एका पॅरिशचं नाव होतं.

नोंद शोधताना सख्ख्या भावंडांचे दाखले अनेकजण सोडून देतात. ‘आपल्या’ माणसाच्याच रेषेवर अडून बसलो असतो, तर ‘आयर्लंड’ या एका शब्दापुढे गाडी गेली नसती. जनगणनेच्या कागदांतही बहुतेक ठिकाणी तेवढाच शब्द होता.

ते लग्न १८५०च्या दशकातलं. आयर्लंडात सर्वांसाठी सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली. बिगरकॅथलिक विवाहांची मात्र १८४५ पासूनच होती. म्हणजे हे लग्न सरकारी दप्तरात सापडलं तर तेवढ्यावरूनच ते कॅथलिक नव्हतं हे कळणार. बेलफास्टच्या निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते सापडलं. प्रेस्बिटेरियन सभागृह, नवरदेव मजूर, त्याचा बाप विणकर.

इथं एक निर्णय घ्यावा लागला: हे सासऱ्यांना कसं आणि कधी सांगायचं. पुण्यात बसून ही बाब किरकोळ वाटते. ग्लासगोत तुम्ही कुठल्या शाळेत गेलात आणि कुठल्या फुटबॉल संघाचे, यावरून धर्मपंथ ओळखतात. सेल्टिक कॅथलिकांचा, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा. पूर्ण साखळी जुळेपर्यंत थांबावं, असं माझं म्हणणं होतं. मुलगी म्हणाली, “काका, त्यांच्या घरची गोष्ट आपल्याला आधी कळलीय, हेच बरोबर नाही.” तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. सासऱ्यांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे आम्ही रेंजर्सवाले?” त्यानंतर आठवडाभर त्यांचा ईमेल आला नाही. मग आला तो थोरल्या भावाच्या डीएनए चाचणीची परवानगी घेऊन.

दरम्यान अँट्रिमकडे शोध चालू होता. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या स्फोटात आणि आगीत आयर्लंडचं सार्वजनिक दप्तर जळालं, आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ संपल्या. अँट्रिमच्या काही पॅरिशची १८५१ ची पानं मात्र वाचली आहेत, आणि नशिबानं ही पॅरिश त्यांतली निघाली. विणकर बाप, बायको, पाच मुलं. ग्रिफिथच्या मूल्यांकनात (करासाठी केलेल्या मिळकतींच्या यादीत), म्हणजे या भागापुरतं १८६० च्या सुमारास, तोच विणकर एका घराचा भाडेकरू म्हणून दिसतो. त्याच्या वयावरून जन्म १८०० च्या आसपास जातो. त्यामागं चर्चच्या वह्या नाहीत. १७९६ च्या जवस पिकवणाऱ्यांच्या यादीत आणि १६६९ च्या चूलपट्टीच्या यादीत त्या भागात केनेडी आहेत, पण आमच्या विणकराशी त्यांना जोडणारा एकही कागद नाही. तिथं थांबलो.

डीएनएचा निकाल दोन टप्प्यांत आला. ब्रायन बोरूच्या दाल गॅश कुळाशी संबंधित मानली जाणारी एल-२२६ ही खूण थोरल्या भावात नाही. दूरच्या जुळण्यांत केनेडी आडनावाचे काहीजण निघाले. त्यांतल्या बहुतेकांचे कागद अल्स्टरमध्ये अडकतात, एकाचे आयर परगण्यात. यावरून टिपररीचे ओ किनेडे बहुतांशी बाद होतात. कॅरिक सिद्ध होत नाही, फक्त जास्त संभवनीय ठरतं. अहवालासोबतचा नकाशा मात्र असा रंगवलेला होता की सासऱ्यांना किल्ला परत मिळाल्यासारखं वाटलं.

व्हॅन्स केनेडीचं काय

आमच्या ज्येष्ठांसाठी हाही धागा पाहिला. व्हॅन्स केनेडी १७८४ चा, आयर परगण्यातल्या पिनमोरच्या जमीनदार केनेडींपैकी. बाप आयर बँकेच्या दिवाळ्यात बुडाला, जमीन विकली गेली. मुलगा १८०० मध्ये कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून मुंबईला आला. शिरूरच्या छावणीत तो फारसीचा दुभाषा होता. १८१७ मध्ये मुंबई फौजेचा जज अ‍ॅडव्होकेट जनरल झाला, आणि १८२४ मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी, इंग्रजी-मराठी कोश मुंबईत छापला गेला. त्याआधी कॅरीचा १८१० चा कोश होता. मग १८३१ मध्ये मोल्सवर्थ आला आणि केनेडीचं नाव मागं पडलं ते पडलंच. १८४६ मध्ये तो मुंबईतच वारला.

जावयाचा विणकर पूर्वज अँट्रिममध्ये जन्मला तेव्हा हा मुंबईच्या वाटेवर होता. दोघांत आडनावापलीकडे काही नाही. ज्येष्ठांनी सुचवलं, निदान तळटीप तरी द्या. समितीनं नाही म्हटलं. वंशावळीच्या पानावर नामसाधर्म्याची तळटीप दिली की वाचणारा नातंच समजतो. व्हॅन्स केनेडीवर मराठीत स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि तो ज्येष्ठांनीच लिहावा, असं मी सुचवलं. अजून लिहिलेला नाही.

निष्पत्ती

छापलं ते असं: “केनेडी. ज्ञात सर्वात जुनं ठिकाण काउंटी अँट्रिम, सुमारे १८००, व्यवसाय विणकाम. १८६० च्या दशकापासून ग्लासगो, जहाजबांधणी. मातृपक्ष काउंटी डोनेगल.”

शेवटचे तीन शब्द आमच्या तक्त्यात बसत नव्हते, आणि समितीत त्यांवरच सर्वांत जास्त वाद झाला. माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे होते. घरची आयरिश आठवण खोटी नव्हती. जपमाळ, डोनेगलला उन्हाळ्यात जाणं, मृतांच्या घरी रात्रभर जागणं, हे सगळं त्या डोनेगलच्या पणजीकडून आलं होतं. तिच्या सुनेच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीशेजारी राष्ट्राध्यक्षांचा फोटो होता, जसा १९६० च्या दशकात असंख्य आयरिश कॅथलिक घरांत असे. आडनाव सारखंच, म्हणून पुढच्या पिढीनं त्या फोटोला नातेवाईक केलं. आयरिशपणा बाईकडून आला आणि श्रेय पुरुषाच्या आडनावाला मिळालं. आपल्या कुलवृत्तांतांची तर सगळी बांधणीच अशी आहे.

डॉल्फिनचं चिन्ह छापलं नाही. स्कॉटलंडात कुलचिन्हाची ढाल आडनावाला नव्हे, एका व्यक्तीला दिलेली असते, आणि लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयात त्यावर कारवाई होऊ शकते. पट्ट्याच्या वर्तुळातलं चिन्ह कुळातल्या कुणीही टोपीवर लावावं, हरकत नाही. पण ‘घराण्याची मुद्रा’ म्हणून ते आमच्या पानावर येणं वेगळं. सासऱ्यांना हे पटलं. चौकट अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि लग्नातला किल्टही केनेडी टार्टनचाच, म्हणजे कुळाच्या ठरावीक चौकडीच्या कापडाचा, होता. टार्टनला वंशावळ कुणी विचारत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वर्गणी भरण्याआधी आत्याबाईंचं कपाट उघडायला हवं होतं. मुलीचे त्या परदेशी संकेतस्थळावर गेलेले पैसे जवळपास वाया गेले. उपयोगी ठरलेला प्रत्येक कागद एकतर घरात होता, नाहीतर दोन सरकारी दप्तरांत.

धर्मपंथाची शक्यता सुरुवातीलाच बोलून ठेवायला हवी होती. केनेडी आडनाव, ग्लासगो आणि जहाजकारखाना या तिन्हींवरून अल्स्टर डोक्यात यायलाच हवं. ‘काहीही निघू शकतं’ असं मोघम बजावण्यापेक्षा ‘कदाचित प्रेस्बिटेरियन निघाल’ एवढं सांगितलं असतं तर तो अबोल्याचा आठवडा टळला असता. डीएनएबाबत इतकी चर्चा झाली आणि धक्का बसला तो साध्या विवाहदाखल्यानं.

चाचणी केली नसती तरी छापील नोंद एका अक्षरानंही बदलली नसती. ती सासऱ्यांच्या समाधानासाठी झाली, आणि खर्च त्यांचाच होता, म्हणून तक्रार नाही. पण कुलवृत्तांताच्या खर्चानं कुणी ती मागितली तर मी नको म्हणेन.

समितीनं पुढच्या आवृत्तीसाठी तक्ता बदलला आहे. ‘मूळ गाव’ऐवजी ‘कागदोपत्री ज्ञात सर्वात जुनं ठिकाण’, आणि आईच्या माहेरासाठी स्वतंत्र रकाना. दुसऱ्या बदलाला अजून दोघांचा विरोध आहे.

कॅरिकचा प्रश्न उघडाच आहे. कॅसिलिसच्या अर्लांची जुनी कागदपत्रं, कुळांच्या खंडाच्या याद्यांसकट, एडिंबरात नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहेत. सतराव्या शतकात कोणतं कूळ जमीन सोडून समुद्रापार गेलं, याचा माग त्यांत लागला तर लागेल. मुलीनं तिथल्या वाचनालयाचं ओळखपत्र काढून ठेवलं आहे.